पलंगाचं लाकूड

बाबा, तुम्ही माझ्या लग्नात दिलेला पलंग मी या हिवाळ्याच्या सुरुवातीला आरा मशीनवर नेऊन चिरून आणला. तुम्ही असता तर हे वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नसतं. आवडलं नाही की उठायचं, कानामागची पेन्सिल काढायची आणि एखाद्या फळीवर रेघा मारत बसायचं, जणू समोर बोलणारं माणूस नाहीच, ही तुमची पद्धत. आता तुम्हाला उठता येत नाही, म्हणून बोलते. रोज काही ना काही लिहायची सवय मला कॉलेजपासून आहे, पण तुमच्याशी असं सरळ कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर शिव्याच लिहिल्या असत्या, आणि शिव्या द्यायला माझा हात धजला नसता. अजूनही धजत नाही. पण राग आहे, आणि तो माझ्या वयाबरोबर कमी होईल असं मला वाटलं होतं ते खोटं निघालं.

पलंग का चिरला ते आधी सांगते. शाळा सुटल्यावर मी प्रकल्पाच्या कट्ट्यावर जाऊन बसते. इथं आदिलाबादात धरणाच्या बांधाला सगळे तेलुगूतलं कट्टाच म्हणतात, आमच्या शाळेतली मराठी पोरंसुद्धा. समोर एवढं पाणी, आणि त्याच्यावर जायचं तर मच्छीवाल्यांच्या नावेत. ते बाईमाणसाला एकटं घेत नाहीत, आणि कोणाला सोबत घेऊन जावं असं मला वाटत नाही. एकदा फोनवर एक माणूस पाहिला. तो आपली होडी खांद्यावर टाकून नदीकडं चालला होता. कयाक म्हणतात तिला. बर्फाच्या मुलखातले शिकारी बांधत आले ती होडी, आतून काड्यापट्ट्यांचा सांगाडा आणि वरून ताणून शिवलेलं कातडं, एकाच माणसापुरती. आता कातड्याच्या जागी कापड ओढतात. मला पोहता येतं, तुम्हीच विहिरीत ढकलून शिकवलं होतं. पण त्या माणसाचं वल्हवणं माझ्या लक्षात राहिलं नाही, खांद्यावर टाकून चालणं राहिलं. मी आजवर ज्याच्यावर झोपले, ज्याच्यावर बसले, ते हलवायचं तर दुसऱ्यांना हाक मारावी लागली. माझ्या एकटीच्या खांद्यावर येईल अशी एक वस्तू मला पाहिजे होती. एवढं साधं होतं. आई म्हणाली, "चाळीशी वलांडली न् आता नाव बांधून राह्यली. लोकं म्हनतीन मास्तरीन बुडाले चालली." मी म्हटलं, म्हणू दे.

मग लाकडाचा प्रश्न आला. तो इतर कोणासाठी प्रश्न असेल, माझ्यासाठी अपमान होता. मी सुताराची मुलगी. बी.एस्सी. झालेली. शाळेत पोरांना झाडाच्या खोडाची आकृती काढून दाखवते, सालीपासून गाभ्यापर्यंत नावं सांगते. आणि कोणत्या झाडाची लांब पट्टी मोडणार नाही, पिळणार नाही, पाण्यात फुगणार नाही, हे मला फोनला विचारावं लागत होतं. फोन स्प्रूस सांगे, सीडार सांगे. आदिलाबादात स्प्रूस कोण देणार? कशाला त्याला घेतात ते मात्र समजून घेतलं. हलकं पाहिजे. धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पाहिजे, कारण जिथं धागा पट्टीच्या बाहेर पळतो तिथंच पट्टी तुटते. गाठ नको. ओलं-कोरडं झालं तरी वाकडं होणारं नको. दोरीनं आवळलं तर फाटणारं नको. काठाच्या दोन लांब पट्ट्यांवर सगळी होडी उभी असते. त्या गेल्या तर माणूस भर पाण्यात गेला. आरा मशीनचा मालक म्हणाला, "मॅडम, नाव के लिए तो सागवान ही. आदिलाबाद में बैठ के दूसरा क्या पूछ रहे?" त्यानं दाखवलेला सागवानाचा तुकडा मी हातात घेतला. रंग सुंदर, वजन भारी. तेवढ्या पट्ट्यांची होडी माझ्या खांद्यावर आली नसती. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या हलक्या, पण हातभर लांबीत तीन गाठी आणि खिळ्यांची भोकं. मी रिकाम्या हातानं परत आले, आणि दारातच तो पलंग दिसला, तुमच्या कारखान्याच्या पत्र्याखाली उभा करून ठेवलेला. सासरहून परत आला तेव्हापासून त्याच्यावर कोणी झोपलं नव्हतं.

आता पलंगाचा तो दिवस. तुम्ही तिथं नव्हता, म्हणून तुम्हाला कधी कळलाच नाही. लग्नानंतर टेम्पो तलमडुगूच्या बाजूला माझ्या सासरच्या दारात लागला. आपल्या भागात लेकीचा पलंग सागवानाचाच असतो, दुसऱ्या लाकडाचा पलंग दिला तर मुलगी दिली कशाला असं विचारतात. आणि सुताराची मुलगी म्हटल्यावर तर बघायला सगळी गल्ली. चार जणांनी चार पाय धरले, जोर लावला, आणि पलंग एकदम वर आला. इतक्या सहज की मागचा एक जण तोल जाऊन हसला. "हलका लागून राह्यला बाप्पा," तो म्हणाला. बस, तेवढंच. माझे चुलत सासरे पुढं झाले. त्यांनी पलंग आडवा करायला लावला, पायाच्या बुडाला, जिथं पॉलिश पोचत नाही तिथं, चाकूच्या टोकानं खरवडलं. आपल्याकडं सोयरे असंच करतात, तुम्हीही करत होता, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मी स्वतः पाहिलंय. तपकिरी रंगाखालून पिवळट पांढरं लाकूड निघालं. त्यांनी चाकू मिटला आणि माझ्याकडं पाहिलं. मी नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन, लाकडाकडं बघत उभी. मला ते कसलं लाकूड आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. "शिवण हाय," सासूबाई म्हणाल्या. "ढोलकीचं लाकूड. सुतारानं आपल्या पोरीले ढोलकी देल्ली." सगळे हसले. मीही हसले असेन. नव्या सुनेला दुसरं काय करता येतं.

पुढं कितीतरी वर्षं त्या घरात माझं नाव त्या पलंगावरून चाललं. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून रंग, आतून शिवण. पोरगं पोटात टिकलं नाही तेव्हाही कोणीतरी तेच म्हणालं. कोण म्हणालं ते इथं लिहीत नाही, कारण त्या बाईनं नंतर माझे पाय चेपले होते आणि मला दोन्ही गोष्टी खऱ्या ठेवायच्या आहेत. शेवटी मी तिथून निघाले तेव्हा नवरा ओट्यावर उभा राहून म्हणाला, "तुह्या बापाचं लाकूड घेऊन जाय." तुम्ही तोवर गेलेला होता. एका अर्थी सुटला.

पण सुटायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं. आठवतं का? पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले आहे. तुम्ही कारखान्यात खाली बसून रंधा मारताय, भुशाचा वास आहे, तुमच्या हाताखालचे दोघे करवत ओढतायत. मी चहा ठेवते आणि तिथंच उभी राहते. विचारते, "बाबा, पलंग कायचा हाय?" करवत थांबते. तुम्ही रंधा थांबवत नाही. म्हणता, "ज्याले झोपाचं हाय तो झोपते. लाकडाची जात कोनी पुसत नाई." मी म्हणते, "पुसून राह्यले, बाबा." तेव्हा तुम्ही वर बघता. तुमचे डोळे मला अजून दिसतात, रागीट नव्हते ते, बंद होते. उघडे असून बंद. "तिकडची गोष्ट इकडं आनाची नाई," तुम्ही म्हणता. "चांगल्या घरच्या पोरी आनत नाईत." आणि पेन्सिल काढून रेघ. मी चहाचा रिकामा पेला उचलून आत आले. त्या दोघांसमोर. त्यानंतर मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही, सासरचं नाही, तब्येतीचं नाही, शेवटी दवाखान्यात होता तेव्हा दुखतंय का हेसुद्धा नर्सकडून काढून घेतलं.

मी रागाच्या भरात हे माझ्या सोयीनं लावून तर सांगत नाही ना, हे मी तपासून पाहिलंय. तुमच्या बाजूनं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणून पाहिलं. सागवान जंगलखात्याच्या परवान्याशिवाय मिळत नव्हतं आणि परवान्यानं मिळणारं तुमच्या ऐपतीबाहेर होतं, हे खरं. इंद्रवेल्लीकडून चोरटं येत होतं, अर्ध्या गावाचे पलंग त्याचेच, आणि तुम्ही ते घेतलं नाही, हेही खरं. तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. चोरीचं न घेणारा माणूस मला बाप म्हणून चालतो. पण मग रंग कशाला लावला? चोरीचं लाकूड नको आणि खोटा रंग चालतो, ही कसली नीती? आणि त्या खोटेपणाचं ओझं चार माणसांनी उचललं नाही बाबा, मी एकटीनं उचललं.

यातला आईचा भाग मला पलंग चिरायच्या आधी कळला. आरा मशीनवर न्यायच्या आधी पलंगाच्या चौकटीच्या पाट्या आतून पोकळ किंवा चिरलेल्या नाहीत ना ते बघायचं होतं, आणि ते बघायची एकच रीत मला येते. लहानपणी तुम्ही मला ओंडक्याच्या एका टोकाशी बसवायचे, कान लावायला सांगायचे, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन नखानं खरवडायचे. "आला का?" "आला." "कसा आला?" मी म्हणे जवळून आला, किंवा लांबून, घोगरा, तुटक. तुम्ही मान हलवून ओंडका इकडं किंवा तिकडं ढकलायचे. जवळून आला म्हणजे काय आणि तुटक आला म्हणजे काय, हे मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर तुम्ही म्हणायचे, "तुले काय कराचं? तू आईक." मी ऐकत राहिले. ते माझ्या बालपणातलं सगळ्यात सुंदर काम होतं, हे मी नाकारत नाही. पण तुमच्या हाताखालच्या पोरांना तुम्ही अर्थ सांगत होता. मला नुसतं कानापुरतं वापरलं.

तर मी पाटी ओट्यावर आडवी ठेवली, एका टोकाला कान लावला आणि आईला दुसऱ्या टोकाला बसवलं. आईनं खरवडलं. आवाज असा आला की जणू ती माझ्या कानातच खरवडते आहे. चारही पाट्या तशाच, स्वच्छ; म्हणजे आतून अखंड, एवढं मी आता माझं मीच ताडलं होतं. मी कान उचलला आणि सहज म्हणून विचारलं, "माय, तुले माईत होतं का हा शिवणीचा हाय म्हनून?"

"नाई माईत राहीन का?" आई म्हणाली. "रंग म्याच घोटला. आठवडाभर हात लाल होते माहे."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"त्याईनं नको म्हनलं." मग तिनं पाटीवरून हात फिरवला. "सागवान त तवा घरातच पडून होतं. पटेलाच्या वाड्याच्या दरवाज्यासाठी आनलेलं. रातभर मी म्हनो, एक फळी काढा, कोन मोजते. नाई काढली. त्या फळीले हात नाई लावला त्याईनं. अन् हे शिवणीचं झाड पाहाले मात्र किती रोज फिरले काय माईत. चपला झिजवल्या."

ते ऐकून मला तुमची दया यायला हवी होती. आली नाही. मला आईचा राग आला, तिच्या त्या लाल हातांचा राग आला, आणि मग तुमचा दुप्पट. म्हणजे मला माहीत नव्हतं, आणि घरात सगळ्यांना माहीत होतं.

आरा मशीनवर पाट्या चिरल्या तेव्हा मी आऱ्याच्या फिरत्या पट्ट्याशेजारी उभी होते. वरचा तपकिरी पापुद्रा बाजूला पडला आणि आतून ते लाकूड निघालं, लोण्याच्या रंगाचं. धागा एका टोकाला जिथं सुरू होत होता तिथून बोट ठेवून मी दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. बोट पट्टीच्या बाहेर गेलं नाही. एक गाठ नाही. कुठं पीळ नाही. एवढी वर्षं पत्र्याखाली, उन्हातान्हात, पावसाच्या ओलीत, आणि कणभर वाकलेलं नाही. मी त्या पट्ट्या पाण्यात बुडवून ठेवल्या, वाळवल्या, परत मापल्या, भिंतीला टेकवून वाकवल्या, वजन केलं. बरोबर तेच होतं जे मी शोधत फिरत होते. मालक तुकडा उलटापालटा करून म्हणाला, "है तो शिवन, लेकिन छाँट के लाया है किसी ने." कोणीतरी निवडून आणलेलं आहे. तिथं, त्या भुशात उभं राहून मला इतका राग आला की मालकाला वाटलं कुसळ गेलं डोळ्यात.

तो राग काय होता ते नीट लिहिते, कारण सगळं याच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही गरीब होता याचा तो राग नाही. शिवण दिली याचाही नाही. एवढं शोधून, एवढं पारखून दिली होती, तर सांगितलं का नाही? लग्नाआधी एकदा कारखान्यात बोलावून तुम्ही म्हणाला असता, पोरी, हे शिवण आहे, सागवान नाही. पण पिळत नाही, किडत नाही, हलकं आहे, मी स्वतः झाड पाहून आणलंय. एवढी चार वाक्यं. ती माझ्याजवळ असती तर त्या दिवशी चाकू मिटला तेव्हा मी पदर सावरून म्हणाले असते, हो, शिवण आहे, माझ्या बाबांनी निवडलेली आहे. कदाचित तरीही हसले असते. पण मी त्यांच्याबरोबर हसले नसते. तुम्हाला लाज वाटली, आणि तुमची लाज तुम्ही रंगाखाली घालून माझ्या सामानात पाठवली. खंडेनवमीला तुमचा वाकस, पटाशी, रंधा धुऊन पुसून पाटावर मांडायचं काम माझं होतं, हळदकुंकू माझ्या हातचं लागायचं. ती हत्यारं पूजेपुरती माझी होती आणि लाकडाबद्दलचं खरं मात्र माझं नव्हतं.

होडी बांधायला मला हिवाळा पुरा लागला. पाट्या पुरेशा लांब नव्हत्या, म्हणून दोन-दोन पट्ट्या लांब तिरक्या कापून एकावर एक बसवून चिकटवल्या. पहिला जोड उघडला, तो परत केला. रंधा तुमचाच वापरला, आणि वापरताना आई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली. आतल्या कमानींना बांबूच्या चिपा पाण्यात भिजवून गुडघ्यावर वाकवल्या; बऱ्याच मोडल्या, मग घाई सोडल्यावर वाकू लागल्या. खिळा एकही मारला नाही, सगळं दोरीनं बांधलं. वरून जाड सुती कापड ओढून शिवलं आणि रंगाचे थर दिले. आतल्या लाकडाला मात्र रंग लावला नाही. नुसतं तेल. ते कसलं आहे ते कोणालाही दिसावं, हे मी मुद्दाम ठरवलं होतं आणि ठरवताना मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

काल पाण्यावर नेली. खांद्यावर टाकून कट्ट्यापर्यंत चालत गेले, मध्ये एकदा खाली ठेवली. मच्छीवाल्यांतला एक म्हातारा जाळं नीट करत बसला होता, तेलुगू माणूस, आपल्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलतो. तो उठून आला. होडीचं टोक धरून त्यानं वर उचललं आणि ते एका हातानं आलं. "बहुत हलका है," तो म्हणाला. मी तिथं उभी, आणि माझ्यापुढं सासरच्या दारातला तोच टेम्पो थांबला. मग त्यानं आत वाकून काठाच्या पट्टीवर नख ओढलं. लोण्याच्या रंगाचं उघडं लाकूड, त्याच्या डोळ्यांसमोर. "मेडम, टेकू है ना?" त्यानं विचारलं. टेकू म्हणजे त्यांच्या भाषेत सागवान. त्याला काही खोचक म्हणायचं नव्हतं. आपल्या भागात चांगल्या लाकडाला माणूस दुसरं काय विचारणार.

माझ्याजवळ ती चार वाक्यं होती, बाबा. वीस वर्षं उशिरा का होईना, माझी मी मिळवलेली. भुशात उभं राहून, कान लावून, गुडघ्यावर बांबू मोडून मिळवलेली. तो माणूस मला ओळखत नव्हता, सोयरा नव्हता, माझं काही बिघडवू शकत नव्हता. आणि मी म्हणाले, "हो. सागवान आहे. आमच्या बाबांनी आणलेलं."

त्यानं पुन्हा एकदा पट्टीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली. मी आत बसले, वल्हं मारलं. कापड गुडघ्यांखाली पाण्याबरोबर श्वास घेतल्यासारखं हलत होतं, पट्ट्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत. खूप आत गेले. परत आले तेव्हा तो तिथंच होता, जाळं गुंडाळत. खरं सांगायला वेळ होता, जागा होती, आणि मी होडी खांद्यावर घेऊन त्याच्या शेजारून निघून आले.

राग गेलेला नाही, असं समजू नका. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. फक्त एवढंच, की ते वाक्य बोलताना मला लाज वाटली नाही. लाज आता लिहिताना वाटते आहे. बोलताना मला वाटत होतं ते एवढंच, की या माणसानं तुम्हाला हसू नये.